पुढची जागा

थोरलीला आयुष्यात पहिल्यांदाच लांबलचक रांगेत उभं राहावंसं वाटलं, आणि ते तिने बोलून दाखवलं ते नेमकं आपल्या मुलापाशी. रांग दिसली की याच्या अंगावर पित्त उठतं.

मुलगा कुरिअरच्या कचेरीत शाखाप्रमुख. कुठलं पाकीट कुठल्या गाडीत टाकलं की लवकर पोचेल याच हिशोबात त्याचा जन्म चाललेला. बायको त्याला ‘शॉर्टकट’ म्हणते. लाडाने की वैतागाने, ते त्या त्या दिवसावर अवलंबून. देवळाला जायचं ठरल्यापासून तो जेवतानाही मोबाइलवर त्या देवळाच्या दारांचे व्हिडिओ बघत होता. लोक देवाचे फोटो बघतात, हा दारांचे बघत होता.

“आई, ऐक. पूर्वेचं मोठं दार धर्मदर्शनाचं. तिथे सकाळी धडधाकट माणूस आत जातो आणि संध्याकाळी अर्धा होऊन बाहेर येतो. उत्तरेकडून मुखदर्शन, म्हणजे लांबून हात जोडा आणि चालू लागा. आपल्याला त्यातलं काहीच नको. ज्येष्ठांची रांग वेगळी आहे. तुझ्या वयाचा दाखला दाखवायचा, सोबत मी. चहा निवायच्या आत बाहेर.”

“मला मोठ्याच रांगेत जायचंय.”

“का पण?”

“असंच.”

“आणि गुडघे?”

“गुडघे माझे आहेत.”

मुलगा हसला. त्याला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे, उतरेल. थोरलीने तिथेच खरं कारण सांगायला हवं होतं. पण तिने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि पुढचं सगळं त्या गुळणीने केलं.

कारण होतं तिची धाकटी बहीण. दोघी बोलत नव्हत्या त्याला इतकी वर्षं झाली होती, की धाकटीच्या मुलीचं लग्न होऊन तिला मूल झालं तरी थोरलीने ते फक्त ऐकलं होतं. भांडण झालं ते वडिलांच्या शेवटच्या दिवशी. वडील इस्पितळात होते. त्यांचं उठणं-बसणं, अंग पुसणं, रात्रीची जागरणं, सगळं धाकटीने केलं होतं. शिवणाचं काम बाजूला टाकून केलं होतं. त्या दिवशी त्यांनी रेडिओसाठी सेल मागितले होते, ते घेऊन ती दाराबाहेर बसली होती. आत एका वेळी एकालाच सोडत. तेवढ्यात थोरली आली, रात्रभर प्रवास करून, हातातली बॅगही न ठेवता. “मी लांबून आलेय गं, आधी मी जाते. लगेच येते,” असं म्हणून ती आत गेली. ती आत असतानाच वडील गेले. धाकटी बाहेर मुठीत सेल धरून बसलेली होती.

नंतर धाकटी म्हणाली, “माझा नंबर होता. तू घुसलीस.” यावर थोरलीने गप्प बसायचं, तर ती म्हणाली, “मरणाला काय नंबर असतो?” वाक्य खरं होतं. पण खरं बोलायची ती वेळ नव्हती, आणि हे कळायला तिला अर्धं आयुष्य लागलं. मुलगा तेव्हा कॉलेजात होता. आईची बाजू घ्यायची म्हणून तो भर बैठकीत ओरडला होता, “आजपासून मला मावशी नाही.” म्हणून आता ती त्याला सांगायला भीत होती. मावशी येणार म्हटल्यावर हा गाडीच काढणार नाही, असं तिला वाटलं.

भाची मात्र मधूनमधून चोरून फोन करायची. थोरलीने तिचा नंबर मोबाइलमध्ये ‘इस्त्रीवाला’ या नावाने ठेवला होता. त्या फोनवरच कळलं की धाकटी देवाला जाणार आहे. थोरलीने निरोप पाठवला: मीही येते. मोठ्या रांगेत भेटू. या वेळी तू पुढे राहा, मी तुझ्या मागे उभी राहीन.

घरी भेटायचं तिने मुद्दामच टाळलं. दोघींचा स्वभाव असा, की सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. घरात बसल्या असत्या तर तिसऱ्या वाक्याला एकीने चपला घातल्या असत्या. रांगेत दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. भांडण झालं तरी माणूस जाणार कुठे? बोलावंच लागतं. आणि देवापाशी पोचेपर्यंत माणूस रागाने नाही तरी पायांनी थकतोच.

धाकटीचं उत्तर भाचीने जसंच्या तसं सांगितलं. “बरं म्हणाली. छपराखाली पाण्याच्या टाकीपाशी थांबते म्हणाली.”

त्या ‘बरं’वर थोरली कितीतरी दिवस खूश होती.

त्या सकाळी मुलाने गाडी लावली, चपला ठेवल्या, दोघांचे मोबाइल खिडकीवर जमा करून बिल्ला घेतला. थोरली नवी साडी नेसून पुढे पुढे चालत होती, गुडघे दुखत नसल्यासारखी.

“पूर्वेकडूनच ना रे?”

“पूर्वेकडूनच.”

तो खोटं बोलला नाही. ज्येष्ठांचं दार पूर्वेकडेच होतं, मोठ्या दाराला लागून. फक्त त्याने सगळं सांगितलं नाही. आईनेही त्याला सगळं सांगितलं नव्हतं. खाण तशी माती.

दारावरच्या पहारेकऱ्याने दाखला पाहिला आणि थोरलीला हाताने आत घेतलं. तिला शंका आली. “ही मोठीच रांग ना?”

“आत गेल्यावर सगळ्या रांगा एकच होतात, आजी. चला.”

तोही खरंच बोलला. त्या सकाळी सगळे खरंच बोलत होते. फिरतं दार कुरकुरलं, थोरली पलीकडे गेली, तिच्यामागे मुलगा. ते दार एकाच बाजूला फिरणारं होतं.

वाट मोकळी होती. फरशी गार, वर पंखे, बसायला बाक. बाजूला जाळी होती आणि जाळीच्या पलीकडे छपराखाली ती मोठी रांग, वळणं घेत घेत गेलेली. लोक कठड्यांवर रेललेले, कुणी मूल खांद्यावर घेतलेलं, कुणी पुठ्ठ्याने वारा घेतोय. थोरलीच्या लक्षात आलं की आपण जाळीच्या चुकीच्या बाजूला आहोत. तिचं पाऊल अडखळलं.

“चल आई, आपल्यामुळे लोक खोळंबतात,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज अगदी खुशीत होता. “बघ त्यांचे हाल. आणि तू तिथे उभी राहणार होतीस.”

तेवढ्यात तिला पाण्याची टाकी दिसली, आणि टाकीपाशी धाकटी.

केस पिकले होते, अंग वाळलं होतं. पण एका पायावर भार देऊन उभं राहायची सवय तीच. ती कठड्याला चिकटून उभी होती आणि मागून येणाऱ्यांना हाताने पुढे घालवत होती, “व्हा तुम्ही, माझी बहीण यायचीय.” तिच्या मागे, पायाशी, तिची कापडी पिशवी ठेवलेली होती. थोरलीच्या जागेवर. कुणी पाय टाकू नये म्हणून.

थोरलीने जाळीला बोटं घातली आणि हाक मारली. लहानपणची हाक, घरातली. इतक्या गलक्यातही धाकटीने मान वळवली.

आधी तिचा चेहरा उजळला. हे थोरलीने पाहिलं, आणि पुढे कितीही वर्षं जगली तरी तिला हेच पुन्हापुन्हा दिसणार आहे. मग धाकटीची नजर जाळीवर गेली, वरच्या पाटीवर गेली, थोरलीला कोपराला धरून पुढे नेणाऱ्या भाच्यावर गेली. चेहरा विझला. रागावली असती तरी चाललं असतं.

“जा ताई,” ती म्हणाली. “जा तू पुढे.”

“अगं, मला माहीत नव्हतं. याने मला...”

धाकटीने वाकून पिशवी उचलली. मागच्या माणसाने लगेच ती जागा भरली.

“मला मागे जायचंय,” थोरली म्हणाली.

“आई, काय झालं? कोण होत्या त्या?” असं विचारता विचारताच मुलाला कळलं. नाक आईचंच होतं. थोरलीने चालता चालता सगळं सांगितलं, चार वाक्यांत. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट चारच वाक्यांची होती. मुलाचा हात तिच्या कोपरावरून आपोआप सुटला.

तो पहारेकऱ्याशी बोलला, मग दुसऱ्याशी. विनवणी केली, आवाज चढवला, पुन्हा विनवणी केली. ज्याला प्रत्येक ठिकाणी पुढे घुसायची वाट माहीत होती, त्याला मागे जायची एकही वाट सापडेना. पहारेकरी शांतपणे म्हणत राहिला, “मागे नाही जाता येत साहेब. बाहेर पडा आणि पुन्हा रांगेला लागा.”

सगळ्या रांगा जिथे एकत्र येतात त्या मंडपात थोरली थांबू पाहत होती. तिथे थांबू देत नाहीत. तिला लोकांनी पुढे नेलं. गाभाऱ्यासमोर आली तेव्हाही ती मान वळवून मागे, मंडपाच्या दाराकडे बघत होती.

“आजी,” पुजारी म्हणाले, “देव इकडे आहे.”

तिने समोर पाहिलं, हात जोडले. काय पाहिलं ते तिला आठवत नाही.

बाहेर पडायचं दार देवळाच्या मागच्या गल्लीत निघत होतं. मुलगा अनवाणीच धावत जाऊन मोबाइल घेऊन आला. “भाचीचा नंबर आहे तुझ्याकडे?”

“इस्त्रीवाला बघ,” थोरली म्हणाली.

दुसरी कुठली वेळ असती तर तो पोट धरून हसला असता. त्याने फोन लावला आणि बाजूला जाऊन ऐकलं. परत आला तेव्हा त्याला आईकडे बघवेना.

“मावशी रांगेतून बाहेर पडली. दर्शन न घेता. गाडीतसुद्धा बसली.”

“काय म्हणाली ती?”

“काही नाही.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, माझा नंबर आला नाही.”

थोरलीने भाचीकडून धाकटीचा नंबर घ्यायला लावला आणि स्वतः फोन लावला. तो वाजला, वाजत राहिला, बंद झाला. तिने पुन्हा लावला नाही. गल्लीतल्या पायरीवर ती बसली. मुलगा शेजारी बसला.

“मला सांगायचं होतंस गं,” तो हळू म्हणाला.

“हो. सांगायला हवं होतं.”

“मी आणलं असतं तुला. मी ते तेव्हा बोललो, ते... मी पोरगा होतो.”

“आणि मी मोठी होते,” थोरली म्हणाली. “तुझ्यापेक्षाही आणि तिच्यापेक्षाही. निदान तेव्हा तरी गप्प बसायचं.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मुलाची बायको त्याला उठता-बसता ऐकवायची. आज तिने ऐकवायचीही गरज नव्हती. आईचे गुडघे वाचवायला गेला आणि तिची बहीण घालवून बसला.

थोडा वेळ बसून थोरली उठली. मुलाला वाटलं, आता घरी. पण ती गाडीकडे वळली नाही. देवळाला वळसा घालून पूर्वेकडे निघाली, ज्येष्ठांचं दार मागे टाकून पुढे गेली, आणि रस्त्यापर्यंत आलेल्या मोठ्या रांगेच्या शेपटीला जाऊन उभी राहिली.

“आई, ती आता तिथे नाहीये.”

“ठाऊक आहे मला.”

“मग कशाला?”

“मी तिला म्हटलं होतं, तू पुढे राहा, मी मागे उभी राहीन. ती राहिली उभी. मी राहिले नाही.” तिने पदर खोचला. “तू गाडीत बस. तुला नाही जमायचं.”

मुलगा गाडीत बसला नाही. तो तिच्यामागे उभा राहिला.

रांग सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. ऊन छपराच्या कडेने आत आलं. थोरलीने एक हात कठड्यावर टेकला होता आणि गुडघे आलटून पालटून हलके करत होती. बस म्हटलं तरी ती बसली नाही. पुढच्या बाईपासून मात्र ती सारखी थोडं अंतर ठेवत होती, एक माणूस मावेल एवढं. रांग सरकली की तीही सरकायची, पण ती मोकळी जागा तेवढीच ठेवून. आधी मुलाला वाटलं, तिला चालवत नाही. मग टाकी आली. तिथे तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि आपल्या पुढे, त्या मोकळ्या जागेत, खाली ठेवली.

मागून एक गडी कोपराने वाट काढत आला. घाईतला, चटपटीत, डोळे सतत पुढची फट शोधणारे. मुलाने त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं. आरशात रोज दिसतो तसा.

“अहो, सरका की पुढे. चांगली जागा मोकळी आहे,” असं म्हणत त्याने पिशवीवरून पाय टाकायला उचलला.

मुलाने आडवा हात घातला.

“मोकळी नाही,” तो म्हणाला. “तिथे माझी मावशी आहे.”