कोपऱ्यातली करडी खूण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नंदुरबारमध्ये मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत एक छोटा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या टेबलावर मी बसतो. मिरची वाळत घालण्याचे दिवस आले की हवेतून तिखट पूड आत येते, माझ्या पंख्यात अडकते आणि मी घरघरू लागतो. तेव्हा स्टुडिओ चालवणाऱ्या चारुलताताई माझी पेटी उघडतात आणि रंगकामाच्या ब्रशाने मला हलक्या हाताने झाडतात.

माझे भाग सुरतेच्या एका दुकानात जोडले गेले. ताईंचे पती नवनीतभाऊ मला रेल्वेने घेऊन आले. डब्यात जागा असूनही त्यांनी मला खाली ठेवले नाही, मांडीवरच धरले. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लागले. त्यानंतर मी किती चेहरे पाहिले म्हणून सांगू! शाळेच्या दाखल्याचे, नोकरीच्या अर्जाचे, नव्या नवरीचे, बारशाच्या बाळाचे. लोक म्हणत, "ताईंच्या कॉम्प्युटरवर फोटो फार साफ निघतो." ते ऐकून मला बरे वाटे. पुढे भाऊंनी एक चपळ लॅपटॉप घेतला. माझ्यावर कपडा पडला, कपड्यावर बिलबुके आली. पण ताईंचा हात माझ्यावरच बसला होता. लग्नाचे मोठे काम आले की त्या कपडा काढत.

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात भीतिदायक दिवसाची गोष्ट सांगतो.

फोटो सुधारण्याच्या माझ्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. खूप फोटो एकत्र निवडायचे आणि एका फोटोवर काम करायचे. तोच बदल आपोआप सगळ्यांवर होई. मोठी सुरेख सोय! पण ती चालू आहे हे कळायचे कसे? पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक खूण उमटे, तांदळाच्या दाण्याएवढी. करड्या पट्टीवर करडी खूण. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी मला एवढेच दाखवायला सांगितले होते. त्याहून जास्त बोलायची मला मुभा नव्हती.

नवापूरच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. तिथल्या ग्रेसीचे चर्चमध्ये लग्न झाले होते. भाऊंनी ते फोटो एका सकाळी माझ्यात उतरवले. उतरवताना ते ताईंना हसून म्हणाले, "नवरीचा बाप सॅम्युअल भारी लाजाळू. मध्ये या म्हटलं तर म्हणे, आज लेकीचा दिवस आहे, मला कडेलाच बरं."

खरेच, वधूकडची मंडळी उजव्या बाजूला उभी होती आणि त्यांच्याही शेवटी सॅम्युअल होता. पांढरा सदरा, बारीक मिशी, आणि ओठांत मावेनासे झालेले हसू.

ताईंनी सगळे फोटो निवडले आणि उजेड थोडा वाढवला. इथवर सगळे नीट झाले. मग त्यांना एका फोटोत उजवीकडे मोठा भोंगा दिसला. तो वाईट दिसतो म्हणून त्यांनी उजवी कड कापली. त्यांना वाटले, आपण एकच फोटो कापतोय.

ती करडी खूण अजून पेटलेली होती.

माझ्या आत सरसर कड कापली गेली, फोटोमागून फोटो. मी बघत होतो. ताई, थांबा, असे मला ओरडायचे होते. पण मला तोंड कुठे होते? ताईंनी 'सेव्ह' दाबले आणि मूळ फोटोंच्या जागी कापलेले फोटो बसले. भाऊ कॅमेऱ्याचे कार्ड पुसून शहाद्याच्या कामाला केव्हाच निघून गेले होते.

दुपारी ग्रेसी आली. बरोबर तिचे काका, योहान. तिच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती, पण डोळे सुजले होते.

"ताई, बाबा काल गेले," ती म्हणाली. "शेतातून आले, बसले आणि गेलेच. संध्याकाळी माती द्यायची आहे. फोटो हवा होता."

"मोबाइलमध्ये आमचेच फोटो, त्याचा एकही नाही," योहान म्हणाले. "आधार कार्डावरचा तर आम्हालाच ओळखू येत नाही. लग्नातला द्या, बाई."

ताईंनी पहिला फोटो उघडला. सॅम्युअल नव्हता. दुसरा उघडला, तिसरा उघडला. ताईंची बोटे भराभर चालू लागली. मग एक फोटो आला. त्यात ग्रेसीच्या खांद्यावर एक हात होता. मनगटाच्या पुढे माणूसच नव्हता.

ग्रेसी माझ्या अगदी जवळ आली.

"हा हात बाबांचा आहे," ती हळूच म्हणाली. "बाबा कुठे आहेत?"

मित्रांनो, त्या प्रश्नाने मी आतून थंड पडलो. ताईंनी भाऊंना फोन लावला. घाबरल्या की त्या घरची अहिराणी बोलत. "अहो, लगनना फोटू कार्डमा शेतस का?"

"नही व. कार्ड तं मी सकाळेच साफ करं. आते त्यावरच काम चालू शे. का, काय व्हयनं?"

म्हणजे कार्डावरचे फोटो पुसले गेले होते आणि त्यावर आता नवे भरत होते. ताईंची नजर पडद्यावरून फिरत फिरत खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच खिळली. "अरे देवा," त्या पुटपुटल्या. "सगळेच कापले मी."

एक आशा होती. प्रोग्राम सकाळपासून बंद झालेला नव्हता. कापलेल्या कडा माझ्या आठवणीत अजून होत्या. पण ती आठवण वीज असेपर्यंतचीच.

आणि त्याच क्षणी लाइट गेली.

छताचा पंखा थांबला. टेबलाखालची यूपीएसची पेटी ओरडू लागली. लाइट गेल्यावर तीच मला थोडा वेळ जगवते, पण ती माझ्याहूनही म्हातारी झाली होती. मी विझलो असतो, तर सॅम्युअल माझ्यासोबत कायमचा विझला असता. यंत्राला मरणाची भीती वाटते का, मला ठाऊक नाही. मला भीती वाटत होती ती त्या माणसासाठी.

ताईंनी बदल मागे घेतला. एकेका फोटोची उजवी कड परत येऊ लागली. मी शक्य तितकी धाव घेतली, पण माझ्या धावण्याला आता कितीसा वेग! "चल रे बाबा, चल," ताई मला म्हणत होत्या. योहानकाका डोळे मिटून प्रार्थना करत होते. सगळे फोटो पूर्ववत झाले. ताईंनी 'सेव्ह' दाबले. एक फोटो जपला गेला, मग दुसरा, मग आणखी काही. पेटीचा आवाज लांबला, बारीक झाला, आणि माझ्यासमोर काळोख पसरला.

लाइट आली तेव्हा मी जागा झालो. अर्धे फोटो वाचले होते. अर्धे कापलेलेच राहिले. खांद्यावरच्या हाताचा तो फोटो वाचला नाही. पण चर्चच्या दाराशी मांडवाच्या खांबाला टेकून हसणारा सॅम्युअल सापडला.

"त्यांचा एकट्याचा करून देऊ का?" ताईंनी विचारले.

"नको ताई, काहीच कापू नका," ग्रेसी म्हणाली. तिने छापलेला फोटो छातीशी धरला. जाताना ती ताईंना रागाने बोलली नाही. ते ताईंना जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. मदतकेंद्रातला मुलगा म्हणाला, "मॅडम, खूण असते ना खाली."

"दादा, गाडी मागे घेताना ओरडते," ताई म्हणाल्या. "मागे कोणी उभं असेल म्हणून. तुमचा प्रोग्राम शेकडो माणसांवरून जातो आणि गप्प राहतो. मोठ्या अक्षरात सांगा ना, सगळे बदलताहेत म्हणून!"

आणखी कुणाकुणाचे असे फोन गेले असतील. बऱ्याच महिन्यांनी नवी आवृत्ती आली. आता ती सोय चालू असली की माझ्या कपाळावर रुंद नारिंगी पट्टा येतो आणि त्यावर लिहिलेले असते, 'निवडलेले सर्व फोटो बदलतील'. कापण्याआधी मी विचारतोही. तरीही ताईंचा हात कात्रीच्या चिन्हाकडे गेला की माझा पंखा जोरात फिरू लागतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या यंत्रे बनवाल, कुणी प्रोग्राम लिहाल. आम्हाला सुंदर करा, वेगवान करा, आमची ना नाही. पण आम्हाला मुके ठेवू नका. आमच्या हातून काही मोडणार असेल, तेव्हा मोठ्याने ओरडता येईल एवढा आवाज आम्हाला द्या.