चेकीण

लग्नात द्राहोमीराच्या वडिलांनी बिअरचं पिंप आणलं, आणि तिथंच बिनसलं. ते पार्दुबित्सेहून, म्हणजे प्रागच्या बाजूने आलेले. तिकडे लग्नाला बिअर लागते. हे गाव मात्र दक्षिण मोराव्हियातलं. इथं घराघराचं स्वतःचं वाइनचं तळघर. बिअर माणूस तहान लागली तर पितो, सोयरिकीला नाही. सासऱ्यांनी, मेतोदेय यांनी, आधी पिंपाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि म्हणाले, "आली चेकीण."

ते नाव तिला एकतीस वर्षं पुरलं.

तसा कागदोपत्री सगळा देशच चेक. मेतोदेय यांच्या पासपोर्टावरही तेच लिहिलेलं होतं, म्हणून तो कपाटात कुलूपबंद असे. गावात कुणाला तोंडावर चेक म्हणालात, तर तो शांतपणे सांगे, "चेक ते डोंगरापलीकडचे. आम्ही मोराव्हियन." आणि पुन्हा तुम्हाला वाइन विचारत नसे.

सासू रुझेना हीदेखील तिला चेकीणच म्हणायची, पण प्रेमाने. "चेकिणी, खसखशीचे पाव तूच कर गं, माझ्याच्यानं होत नाही आता." नऊ वर्षांपूर्वी रुझेना गेली. चार वर्षांपूर्वी द्राहोमीराचा नवरा व्लास्तिमिल गेला, द्राक्षवेलींना तारा ओढता ओढता, सकाळच्या अकरा वाजता. मूलबाळ नव्हतं. घरात उरले सासरे आणि चेकीण. सासऱ्यांची दृष्टी गेली होती, पाय जायच्या बेतात होते, आणि जीभ शाबूत होती.

द्राहोमीराला आता एकच गोष्ट हवी होती. दफनभूमीतल्या घरच्या दगडावर तिचं नाव.

तिकडे माणसाचं नाव तो जिवंत असतानाच कोरून ठेवायची पद्धत आहे. नाव, जन्मसाल आणि पुढे एक रेघ. रेघेपुढची जागा ज्याची त्याने यथावकाश भरायची. रुझेनाच्या शेजारी 'मेतोदेय, १९३४ –' असं नऊ वर्षं तयार उभं होतं, आणि डोळे होते तोवर मेतोदेय दर रविवारी ते बघून समाधानाने घरी येत. खाली व्लास्तिमिल. व्लास्तिमिलच्या खाली कोरी जागा. पण ती जागा ग्रामपंचायतीत मेतोदेय यांच्या नावावर होती, आणि त्यांच्या शब्दावाचून दगडावर एक टिंबही उमटलं नसतं.

तिने एकदाच विचारलं होतं.

"बाबा, माझंही नाव घालून घेऊ या का? व्लास्तिमिलच्या खाली?"

"आमच्या थडग्यात चेकीण?" मेतोदेय म्हणाले. "तिथं पलीकडे माझा बाप आहे. तो उठून बसेल."

तिने भांडी विसळली. रडायचं ते तळघरात रडून आली.

वसंतात जनगणनेचे कागद आले. त्यात 'राष्ट्रीयत्व' म्हणून एक मोकळी ओळ असते, ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं. मेतोदेय त्या ओळीसाठी दहा दहा वर्षं थांबत. पण यंदा लिहिणार कोण? लिहिणारी चेकीणच.

"मोराव्हियन लिही."

"लिहिलं."

"शपथ घे."

"बाबा, लिहिलं म्हटलं ना."

त्यांनी हुदेचेकला बोलावलं. हा गावातला पाथरवट. दगड त्याचे, अक्षरं त्याची, त्यामुळे वाचण्याच्या कामात गावाचा त्याच्यावर विश्वास. हुदेचेकने चष्मा लावला.

"मोराव्हियन."

"परत वाच."

"मोराव्हियन. तेव्हापासून बदललं नाही आजोबा."

"आणि तिच्या कागदावर काय आहे?"

हुदेचेकने दुसरा कागद उलटून पाहिला. "काही नाही. कोरं आहे."

"कोरं का?" मेतोदेय यांनी मान वळवली, पळीचा आवाज येत होता त्या दिशेला. "तुला येतं की लिहायला. चेकीण लिहायचं."

द्राहोमीरा लसणाचं सूप ढवळत होती. ढवळतच राहिली.

"माहेरी गेले की बहीण हसते, म्हणते, तू मोराव्हियन झालीस, बोलणं ऐक तुझं. इथं आले की मी चेकीण. मग लिहू काय? आधी ठरवा तुम्ही सगळे मिळून, मग भरते."

हुदेचेकने चष्मा काढून खिशात ठेवला, मग पुन्हा लावला, मग पुन्हा काढला. मेतोदेय यांनी वाडगा पुढे ओढला. सूप प्यायले. मीठ कमी असूनही काही बोलले नाहीत, त्यामुळे तिला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो. त्याआधी सगळं गाव बादल्या आणि ब्रश घेऊन दफनभूमीत जातं, दगड घासतं, शेवंती मांडतं, आणि घासता घासता शेजाऱ्याचा दगड किती मळलाय तेही बघून घेतं. द्राहोमीरा आठवडाभर आधीच गेली. मेतोदेय आता अंथरुणावरच होते. त्यांना फार वेळ एकटं ठेवता येत नव्हतं.

दगडाजवळ हुदेचेक उभा होता. टोपी हातात.

व्लास्तिमिलच्या खाली नवीन, सोनेरी अक्षरं होती. 'चेकीण, १९६४ –'.

बादली तिने खाली ठेवली. तिला वाटलं आपण ओरडू. पण ओरडायला नेमकं काय, ते सापडेना.

"द्राहाबाई, मी सांगितलं हो त्यांना," हुदेचेक म्हणाला. "म्हटलं, बाईंना नाव आहे. द्राहोमीरा. चांगलं नाव आहे, अक्षरंही सुटसुटीत. ऐकेनात."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, खाली सगळे हिला चेकीण म्हणूनच ओळखतात. द्राहोमीरा लिहिलंस तर रुझेना विचारेल, ही कोण परकी बाई माझ्या पोराशेजारी येऊन पडली? दारातून परत पाठवेल म्हणाले." हुदेचेकने टोपी फिरवली. "जन्मसाल त्यांना ठाऊक नव्हतं. तुमच्या बहिणीला फोन लावून द्यायला लावला मला. तासभर बोलले."

"ताईशी? बाबा?"

"भांडले बहुतेक. पण तासभर." तो वाकून दगडाला हात लावत म्हणाला, "हवं तर घासून काढतो. दगड थोडा पातळ होईल, पण द्राहोमीरा बसेल."

द्राहोमीराने ब्रश घेतला आणि रुझेनापासून सुरुवात केली. मग मेतोदेय, मग व्लास्तिमिल. सोनेरी अक्षरांपाशी आल्यावर ब्रश ठेवून तिने ओलं फडकं घेतलं, आणि ती हळूच पुसली, एकेक.

"राहू दे," ती म्हणाली. मग फडकं पिळत, "पण ही रेघ फार आखूड आहे."

"आजोबाच म्हणाले, आटोपशीर काढ."

घरी आली तेव्हा मेतोदेय जागे होते. श्वास घरघरत होता.

"घासलास दगड?"

"हो."

"सगळं बरोबर आहे?"

"एक चूक आहे."

ते उठायला बघू लागले. तिने खांद्याला धरून निजवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हा माणूस घाबरलेला तिने एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

"काय चूक? कोणती? हुदेचेकला बोलाव!"

"रेघ आखूड आहे बाबा. जन्मसालापुढची."

मेतोदेय यांनी डोकं पुन्हा उशीवर टाकलं.

"लांब करून घे," ते म्हणाले. "हवी तेवढी. सावकाश ये तू, चेकिणी. आम्ही कुठं जात नाही."

तिने उशी नीट केली आणि सूप गरम करायला ठेवलं. या वेळी मीठ चाखून घातलं.