कोरडा हौद

करवत थांबली तेव्हा चर्चच्या छताला मधोमध फट पडली होती आणि तिच्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. कृष्णा साळवे कुंपणाला टेकून बघत होता. कामगारांनी लाकडी इमारतीचे दोन तुकडे केले होते. आता ते लांबलचक ट्रकवर चढवून दक्षिणेकडे कुणाच्या तरी शेतावर नेणार, तिथे ते पुन्हा जोडणार आणि त्याचं राहतं घर करणार. मनुरेवातल्या या लहानशा बॅप्टिस्ट मंडळीची शेवटची उपासना गेल्या रविवारी झाली होती. बाकांवर बसायला माणसंच उरली नव्हती.

कृष्णा या मंडळीचा शेवटचा पाळक. त्याच्या बायकोला, श्यामलाला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, म्हणून तो अहमदनगरचं चर्च सोडून तिच्यामागे या परदेशात आला होता. आठवडाभर माउंट वेलिंग्टन या उपनगरातल्या गोदामात खोकी उचलायची आणि रविवारी इथे उपदेश करायचा. गोऱ्या लोकांनी समुद्र ओलांडून आपल्या पणजोबांना शुभवर्तमान सांगितलं आणि त्यांच्या चर्चला कुलूप लावायला नगरचा माणूस यावा लागला, असं तो श्यामलाला हसत हसत म्हणाला होता. ती हसली नव्हती.

रस्त्यावर टॅक्सी थांबली. तिच्यातून मिस एडिथ प्रॉसर उतरल्या. रविवारचीच टोपी, हातमोजे. ऐंशी कधीच उलटलेल्या. हे चर्च त्यांच्या आजोबांनी बांधलेलं, आणि वयात आल्यापासून परवापर्यंत इथला ऑर्गन त्यांनीच वाजवलेला.

"पास्टर, मला उशीर झाला का?"

"नाही. आत्ता हलेल."

कृष्णाने त्यांना हात दिला. ट्रकचं इंजिन गुरगुरलं आणि चर्चचा अर्धा भाग, खिडक्यांसकट, हळूहळू पुढे सरकला. जिथे व्यासपीठ होतं तिथे जमिनीत एक चौकोनी हौद उघडा पडला. आत उतरायला पायऱ्या, तळाला वाळकी पानं आणि धूळ. असा हौद आहे हे कृष्णा ऐकून होता, पण तो गळायला लागल्यावर त्याच्यावर फळ्या ठोकून गालिचा घातलेला; त्याने तो कधी पाहिला नव्हता.

"आजोबांनी स्वतः खणला," मिस प्रॉसर म्हणाल्या. "वेल्सहून जहाजाने आले तेव्हा इथे नुसती शेतं होती. आधी ते ओढ्यात बाप्तिस्मा द्यायचे. पण काठावरून टवाळ पोरं चिखल फेकायची. कुणी देवाला हो म्हणत असताना त्याच्या तोंडावर चिखल येऊ नये, म्हणून हा हौद."

"फार कडक होते म्हणतात."

"फार. पाण्यात पूर्ण बुडून वर आलेल्यालाच प्रभुभोजनाची भाकर. माझी आजी अँग्लिकन घरातली. लहानपणी कपाळावर पाणी शिंपडलेलं. आजोबा म्हणायचे, हा बाप्तिस्माच नव्हे. सख्ख्या बायकोला त्यांनी मागच्या बाकावर बसवलं. शेवटी जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, ती या हौदात उतरली."

कृष्णाला नगर आठवलं. तिथल्या पाळकांनीही तान्ह्या कृष्णाच्या कपाळावर ओंजळीतलं पाणी लावलं होतं. इथे पाळक व्हायचं तर त्याला मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागला. आईने फोनवर विचारलं होतं, "मग पहिलं पाणी वाया गेलं का रे?"

"म्हणजे तुमचा बाप्तिस्माही इथलाच," तो म्हणाला.

मिस प्रॉसर हातमोज्याचं बोट ओढत राहिल्या.

"माझा झालाच नाही, पास्टर."

दुसऱ्या ट्रकवाल्याने काहीतरी ओरडून विचारलं. कृष्णाने त्याला हातानेच थांबवलं.

"सतरा वर्षांची होते. पाण्यात उतरण्याआधी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची रीत होती. बाकीच्या मुली रडल्या. कुणाला प्रकाश दिसला, कुणाला आवाज ऐकू आला. मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मला काहीच वाटत नाही, पण मला यायचंय." त्यांची नजर हौदाकडे होती. "माझे वडीलच प्रमुख डीकन, मंडळीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. ते म्हणाले, एडिथ, तू थांब. म्हणून थांबले."

"पुन्हा कुणी विचारलं नाही?"

"आधी युद्ध आलं. मग सगळ्यांना वाटलं की झालेला असणारच. प्रॉसरांची मुलगी ना!"

"पण प्रभुभोजन? माझ्याच हातून दर महिन्याला..." बोलता बोलता कृष्णा थबकला.

"तेव्हा मी ऑर्गनवर असायचे," मिस प्रॉसर म्हणाल्या. "वाजवताना हात मोकळे नसतात."

"अहो, भाकरीचा तो नियम तर केव्हाच गेला. माझ्या जन्माच्याही आधी."

"हो का?" त्यांनी मान वर केली. "मला कुणी सांगितलं नाही."

 कृष्णाने जवळच्या मोठ्या चर्चचं नाव काढलं. उरलेली मंडळी आता तिकडेच सामील होणार होती, तिथे गरम पाण्याचा हौद होता.

"नको. तिथे मला कोण ओळखतं?"

"मग समुद्रावर जाऊ. या रविवारी. मी आणि श्यामला, दोघंच."

"आणि अजूनही मला काही वाटत नसेल तर?"

"तर तसंच सांगा."

मिस प्रॉसर हसल्या. "टोपी घालून चालत नसेल, नाही?"

शुक्रवारी दुपारी गोदामात कृष्णाचा फोन वाजला. श्यामला होती.

"अहो, तुमच्या प्रॉसरबाई आमच्या वॉर्डात आल्यात. न्यूमोनिया आहे. शिफ्ट संपायची वाट बघू नका, आत्ताच या."

वाटेत त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रभुभोजनासाठी पाव आणि द्राक्षांचा रस घेतला. पण वॉर्डात पोचला तर पलंगावर पाटी लावलेली होती: तोंडावाटे काही देऊ नये. श्यामलाने त्याच्या हातातली पिशवी पाहिली.

"गिळता येत नाहीये त्यांना. घास छातीत जाईल."

तिने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि खुर्चीखाली ठेवली. मिस प्रॉसर टोपीशिवाय फारच लहान दिसत होत्या. केस विरळ, कपाळ उघडं. कृष्णाने हात धरला तसे त्यांनी डोळे उघडले.

"रविवार आला?"

 श्यामलाने ग्लासातल्या पाण्यात काडीला लावलेला स्पंजचा बोळा बुडवला आणि कृष्णाच्या हातात दिला.

"ओठ ओले करा. तेवढं चालतं," ती म्हणाली आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढून बाहेर उभी राहिली.

त्याने ओठांवरून बोळा फिरवला. तो पुन्हा ग्लासात बुडवला. हात आपोआप वर गेला आणि कपाळाशी येऊन थांबला. या बाईंच्या आजोबांनी याला बाप्तिस्मा म्हटलं नसतं. तो ज्या मंडळीचा पाळक होता, तिनेही म्हटलं नसतं.

"एडिथ," त्याने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्याने बोळा दाबला. पाणी कपाळावरून भुवईत उतरलं, तिथून कानाकडे. मिस प्रॉसरनी डोळे मिटून घेतले. 

"गार," त्या म्हणाल्या.

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, असं कृष्णाने म्हटलं. ते मराठीत म्हटलं हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

शनिवारी त्या गेल्या.

अंत्यविधी मोठ्या चर्चमध्ये झाला. तिथे ऑर्गन नव्हता. कोपऱ्यात ड्रम्स होते आणि भिंतीवर पडदा. तिथला तरुण पाळक मिस प्रॉसरना कधी भेटलेला नव्हता. सुरुवात होण्याआधी तो कृष्णाजवळ येऊन वाकला.

"किया ओरा, पास्टर," त्याने इथल्या पद्धतीने नमस्कार केला. "मला दोन शब्द बोलायचेत. त्यांचा बाप्तिस्मा त्या जुन्या हौदातच झाला असणार, बरोबर? युद्धाच्या आधी?"

"नाही," कृष्णा म्हणाला. "गेल्या शुक्रवारी."

पाळकाने मान डोलावली. समोरच्याचा उच्चार नीट कळला नाही की लोक जशी सौजन्याने डोलावतात तशी. खांद्यावर थोपटून तो माइककडे गेला.

"एडिथने कोवळ्या वयातच, आजोबांनी खणलेल्या हौदात उतरून, भरल्या मंडळीसमोर साक्ष दिली," तो म्हणाला. कुणीतरी आमेन म्हटलं.

कृष्णा खुर्चीतून अर्धवट उठला. श्यामलाने त्याच्या कोटाची बाही धरली.

"बसा," ती हळूच म्हणाली. "राहू द्या."

तो बसला. पडद्यावर पुढच्या गीताचे शब्द उमटले, सगळे उभे राहिले आणि गाऊ लागले. त्याला ते गीत येत नव्हतं.