आल्याच्या घराच्या चार भिंती

मित्रांनो, ज्याचं दार नीट लागत नाही आणि ज्याचं कुणी ऐकत नाही, असा मी एक जुना ओव्हन आहे. टोंगाच्या एका लहानशा बेटावर, मिशनच्या घरात, स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यात मी उभा असतो. माझा जन्म न्यूझीलंडच्या कारखान्यात झाला. तेव्हा मी असा पांढराशुभ्र होतो की माझ्यात तोंड पाहून घ्यावं. मग बोटीतून इथे आलो, आणि खाऱ्या वाऱ्यानं दोन वर्षांत माझे पाय खाल्ले.

या घरात दर दीड वर्षानं नवं जोडपं येतं. सगळी निवृत्त माणसं, पिकल्या केसांची, देवाचं काम करायला आलेली. येताना प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणतो, "याचं काहीतरी करायला हवं." आणि काही न करता परत जातो. एका बाईंनी माझ्या केकचं फार कौतुक केलं होतं, ते मला अजून आठवतं. त्यांच्यानंतरच्या बाईंनी माझ्यात मुंग्यांच्या भीतीनं पाव लपवून ठेवले आणि वर्षभर मला पेटवलंच नाही. दाराची स्प्रिंग तुटली तेव्हा कुणीतरी दाराला एक लाकडी खुर्ची टेकवली. ती तशीच राहिली.

गेल्या वर्षी अर्डिसबाई आणि लायलसाहेब आले. अमेरिकेतलं घर, चार मुलं, नातवंडं, सगळं मागे सोडून. अर्डिसबाईंचा जीव सात वर्षांच्या जोसीत, म्हणजे नातीत, अडकलेला. दर नाताळला दोघी मिळून आल्याच्या बिस्किटांचं घर बांधायच्या. यंदा फोनवर ठरलं, की भिंती आजी भाजणार, छत जोसी भाजणार, दोघी एकाच वेळी, एकमेकींकडे बघत. जोसीकडे चोवीस तारखेची दुपार असेल, तेव्हा इथे पंचवीसची सकाळ उजाडलेली असेल.

"आजी, विसरशील तू!" जोसी म्हणाली.

"मी? भिंती भाजल्याशिवाय चहासुद्धा घेणार नाही बघ," अर्डिसबाई म्हणाल्या.

गॅसचा सिलिंडर एकच होता आणि नवा आणणारी बोट नाताळनंतर येणार होती. एवढं एक काम माझ्याकडून नीट व्हावं, असं मलाही फार वाटत होतं.

पण बावीस तारखेला बाईंनी शेजारच्या लुपेकडे ताटभर बिस्किटं पाठवली आणि माझे भोग सुरू झाले. तासाभरात ते ताट परत आलं, वर भाजलेले याम, म्हणजे इथले कंद, रचून. आधीच्या जोडप्यानं फडताळावर चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, 'इथे ताट रिकामं परत देऊ नये.' बाईंनी चिठ्ठी वाचली, पदर खोचावा तसा ॲप्रन आवळला आणि मला पुन्हा पेटवलं. केक गेला, त्यावर नारळाच्या दुधात शिजवलेले मासे आले. पाव गेले, कवचासकट खेकडे आले. तीन दिवस हेच! टेबलावर अन्नाचे ढीग, आणि ही दोघं उभ्या उभ्या घास तोंडात कोंबून पुढच्या ताटाच्या मागे.

"अगं, जरा बस की," लायलसाहेब म्हणाले.

"बसू कशी? खेकडे आलेत!"

माझी ज्योत निळ्याची पिवळी झाली, मग बुटकी झाली. मी फुरफुरलो, भकभकलो. सिलिंडर एकदा हलवून बघावा, एवढंसुद्धा कुणाला सुचलं नाही. चिडून चिडून मी नुसता काळा पडलो.

पंचवीसच्या सकाळी चार भिंती माझ्या पोटात गेल्या. फोन लागला, पलीकडे जोसी पीठ माखून तयार. पाच मिनिटांनी मी विझलो. बाईंनी काड्यांवर काड्या ओढल्या, लायलसाहेबांनी सिलिंडर एका हातानं सहज उचलला. रिकामा!

तेवढ्यात लुपे दारात उभी राहिली, घामाघूम. हातात तेच ताट, त्यात डुकराचं अख्खं भाजलेलं पिल्लू.

"घ्या आजी. पण आता पुरे हं! डुकरांच्या वाड्यात हे एकच उरलं होतं. आता काही पाठवलंत तर नवऱ्यालाच भाजून द्यावा लागेल."

"अगं, पण तूच तर पाठवत होतीस!"

"मी? तुम्ही थांबेनात म्हणून! म्हाताऱ्या माणसांकडून आलेलं ताट मी मोकळं धाडू होय? गावात तोंड कुठे दाखवू?"

"मग रिकामं ताट द्यायचं नाही म्हणतात ते?"

"देऊ नयेच. पण त्याच दिवशी द्या असं कोण म्हणालं? आमची सासू तर पुढच्या ईस्टरला देते! आधी खायचं असतं, आजी. बसून."

अर्डिसबाई रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. मग माझ्या दाराला टेकवलेली खुर्ची त्यांनी ओढली आणि लुपेला म्हणाल्या, "बस." माझं दार धाडकन उघडलं. आतल्या चार कच्च्या, फिक्कट भिंती साऱ्यांना दिसल्या. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली, मित्रांनो, की काय सांगू.

फोनमधून जोसीनंही पाहिल्या. तिचं तोंड एवढंसं झालं. मग ती म्हणाली, "फेकू नकोस आजी. बोट आली की फोन कर. तोवर मी छत खाणार नाही."

भिंती लुपेच्या फ्रीजमध्ये गेल्या. बोट चार दिवस उशिरा आली. नव्या सिलिंडरवर मी जीव ओतून त्या भाजल्या, एकही करपू दिली नाही. फोन लावला तर जोसीनं छत जपून ठेवलं होतं. एक कोपरा तेवढा गायब होता.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातल्या मुक्या वस्तू काही सांगू पाहतात, तेव्हा जरा कान द्या. सिलिंडर हलवून बघत जा. माझं दार सध्या लायलसाहेबांच्या जुन्या टायनं बांधलेलं आहे, आणि मला त्याचा भयंकर राग येतो. कुणीतरी मला एक स्प्रिंग आणून द्या. खुर्चीवर रोज संध्याकाळी लुपे येऊन बसते. ती खुर्ची मात्र मी परत मागत नाही.