दहापैकी नऊ

हवामानाचं शास्त्र समाजाच्या कामी कसं आणायचं, हे शास्त्रज्ञांना शिकवायला जो माणूस आला होता, त्याला हवामानातलं ओ का ठो कळत नव्हतं. हे त्यानं पहिल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलं आणि सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. एका संशोधक बाईंनी तेवढी मान डोलावली नाही. घरांच्या आत उष्मा किती चढतो हे मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि आता हा गडी त्यांना उभं कसं राहायचं ते शिकवणार होता.

"आकडे नकोत," प्रशिक्षक म्हणाला. "गोष्ट सांगा. समोरच्याच्या डोळ्यात बघा. शेवट आशेनं करा."

"आणि आशा नसेल तर?" बाईंनी विचारलं.

"मग हसून सांगा."

काय डोंबलाचं हसून सांगायचं. तरी बाई हे सगळं मुकाट गिळत बसल्या, त्याला कारण होतं. त्यांची आत्या सरकारी वृद्धाश्रमात पत्र्याखालच्या मजल्यावर राहायची. पुढच्या आठवड्यात उष्णतेची लाट येणार होती आणि त्या खोल्यांत म्हातारी माणसं तग धरणार नाहीत, हे बाईंच्या मोजणीत स्वच्छ दिसत होतं. तळमजल्यावरची दालनं कुलूप लावून रिकामी पडलेली. आरोग्य अधिकाऱ्यांनी एक शब्द टाकला की कुलूप निघणार होतं. त्यांच्या कचेरीत खेटे घालून बाईंच्या चपला झिजल्या. साहेब कायम बैठकीत. तेच साहेब प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी येणार होते.

साहेब आले. शेवटच्या सरावाची तऱ्हा अशी होती की प्रत्येकानं साहेबांकडे काहीतरी मागायचं आणि साहेबांनी मागणाऱ्याला गुण द्यायचे. म्हणजे खऱ्या साहेबाला साहेबाचंच सोंग करायला बोलावलं होतं. एकानं समुद्र वाचवायला सांगितला, एकीनं जंगल. साहेब खुशीत गुण वाटत होते.

बाई उभ्या राहिल्या. आकडे गाळले. साहेबांच्या डोळ्यात बघितलं.

"साहेब, वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर माझी आत्या राहते. मंगळवारपासून तिथं माणूस जगणं कठीण आहे. तळमजला उघडून द्या."

शेवटी आवाज कापला, तो काही कोणी शिकवला नव्हता. टाळ्या पडल्या.

"वा," साहेब म्हणाले. "आत्या आणलीत ते झकास. दहापैकी नऊ."

"साहेब, आत्या खरी आहे."

"बघा, अजून भूमिकेत आहेत," प्रशिक्षक अभिमानानं म्हणाला. हशा पिकला.

"मी सरावाचं बोलत नाहीये. मंगळवारी लाट येतेय."

"हे असं जरा ताणता तुम्ही," साहेब समजुतीनं म्हणाले. "एक गुण त्याचाच कापलाय."

पहिला क्रमांक अर्थातच बाईंचा. साहेबांनी हसत हसत चषक हातात दिला, फोटो निघाला. तो चषक त्यांच्याच टाळक्यात घालावा असं बाईंना फार वाटलं. त्या गाडीपर्यंत मागे धावल्या, पण साहेबांना बैठक होती.

बाई तशाच वृद्धाश्रमात गेल्या. व्यवस्थापकानं नेहमीचं तुणतुणं लावलं. "बाई, वरून सांगितल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही."

तेवढ्यात बाईंच्या फोनवर प्रशिक्षकानं फोटो पाठवला. व्यवस्थापकानं मान वाकडी करून पाहिलं.

"हे आपले साहेब ना? तुमचा सत्कार करतायत?"

चूक किती असू शकते ते सांगितल्याशिवाय ज्या बाईंनी जन्मात एक आकडा लिहिला नव्हता, त्या शांतपणे म्हणाल्या, "हो. याच कामावर बोलणं झालं. त्यांना फार आवडलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. व्यवस्थापक ताडकन उठला आणि किल्ल्या शोधायला लागला. संध्याकाळपर्यंत सगळ्या खाटा खाली आल्या.

लाट सांगितल्या दिवशी आली. वरचा मजला भट्टीसारखा तापला, पण वर कोणी नव्हतं. प्रशिक्षकाचा फोन आला. त्याला अहवालात घालायला बाईंची यशोगाथा हवी होती. बाईंनी फोन ठेवून दिला.

आत्यानं चषकात आपली कवळी ठेवली होती.

"इतकी वर्षं मोजत बसलीस," आत्या कौतुकानं म्हणाली. "शेवटी साहेबांना तुझं शास्त्र पटलं म्हणायचं."

खरं काय ते बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी आत्याच्या डोळ्यात बघितलं आणि हसून हो म्हटलं. तेवढं त्या आता शिकल्या होत्या.