म्हातारीचं शेंडेफळ

झूमध्ये सगळे त्याला शेंडेफळच म्हणायचे. थोरल्या भावाचं लग्न झाल्यावर जन्मलेला, आणि जन्मापासून छातीत घरघर. दिसायच्या आधी ऐकू यायचा.

त्याच्याकडे घोरपडींची देखभाल होती. तरण्या माद्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की किड्यांवर तुटून पडायची. म्हातारीची मात्र बरीचशी अंड्यातच जायची, उरलेली बाहेर येऊन मान टाकायची. यंदा तिचं एकच उरलं होतं.

"काय रे, तुझं धाकटं भावंड कसंय?" डॉक्टरबाई हसत आल्या. पिल्लू उलटं करून पाहिलं आणि हसू मावळलं. "पोटातला बलक जिरलाच नाहीये. आईचं वय झालं रे. आता तिला नराजवळ सोडायचं नाही."

"नका सोडू. पण एवढं एक जगू दे ना मॅडम."

"माझ्या हातात असतं तर!"

घरी आई दारातच उभी. "खाल्लं का पिल्लाने?"

"उद्या खाईल."

"तूही तोंड लावत नव्हतास. लोक म्हणाले, या वयात कसली हौस? तुझी वहिनी तर माझ्याकडे बघेना. पण जगवलाच ना तुला? त्यालाही जगव. म्हणजे मग..."

पुढचं ती बोलली नाही. त्याला कळलं. म्हणजे मग ही घरघर तिच्यामुळे नाही.

रोज तो चिमट्यात किडा धरून पिल्लासमोर बसायचा. ते जीभ बाहेर काढायचं, आत घ्यायचं. बस, तेवढंच. एका सकाळी जीभही बाहेर आली नाही. हातावर घेतलं तर गार.

संध्याकाळी आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदराला हात पुसले. "कशाने गेलं?"

"माझीच चूक गं. उबेचा दिवा नीट लावला नव्हता. गारठलं बिचारं."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"तेच. दिवा."

आई बराच वेळ ऐकत राहिली. त्याचं बोलणं नाही, छाती.

"खोटं बोलताना जास्त वाजते रे तुझी."

गप्प बसूनही वाजतच होती.

"आणि ती? म्हातारी?"

"तिला काय कळतंय आई. पडलीये दगडावर, ऊन खात."

"बरंय बाई तिचं," आई म्हणाली आणि त्याचं ताट वाढायला उठली.