गारांत पालथा पडणारा तवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे, आणि मी भित्रा आहे. ज्याचा जन्म जाळावर गेला त्याला कसली भीती, असं तुम्हाला वाटेल. जाळाची मला कधीच भीती वाटली नाही. मला भीती वाटते ती आभाळाची.

बारामतीच्या एका लोहारानं मला ठोकून घडवलं. चाँदभाईंच्या भांड्यांच्या दुकानात मी खुंटीला टांगलेला होतो. एका बाजारच्या दिवशी वरकुट्याचे सर्जेराव आपल्या नव्या नवरीला, कौसल्याबाईंना, घेऊन तिथं आले. चाँदभाईंनी मला बोटानं वाजवून दाखवलं.

“आवाज ऐका, वहिनी. तुमची नातबी ह्याच्यावरच भाकरी भाजंल.”

“आधी हिची तर फुगू द्या, चाँदभाई,” सर्जेराव म्हणाले. कौसल्याबाई पदराआड हसल्या.

भाकरी पहिल्याच दिवशी टम्म फुगली. पुढं सर्जेराव येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायचा आग्रह करू लागले. “भाकरी खावी तर आमच्या घरची,” असं ते म्हणायचे. तेव्हा चुलीवर बसल्या बसल्या मला फार बरं वाटायचं.

मला एक गोष्ट लवकरच कळली. बाहेरचं हवामान कौसल्याबाईंच्या मनात उतरायचं आणि तिथून त्यांच्या हातांत. हिवाळ्यात कोवळं ऊन पडलं की त्या गुणगुणायच्या. भाकरी पातळ व्हायची, पापुद्रा अलगद सुटायचा. आभाळ दाटून आलं की गुणगुणणं थांबायचं आणि भाकरीच्या कडा चिरायच्या. फाल्गुन-चैत्रात एखाद्या दुपारी वारा पडायचा, उकडायचं, उजनी धरणाच्या अंगाला आभाळ काळं दिसू लागायचं. मग त्या सारख्या दाराबाहेर बघत राहायच्या आणि भाकरी हमखास करपायची. माझ्यावरची भाकरी बघून बाहेरचं आभाळ सांगता यायचं.

गारा पडू लागल्या की घरातला तवा अंगणात पालथा टाकायचा, म्हणजे गारा थांबतात, असा आमच्याकडे समज आहे. कौसल्याबाई मला तसाच तापलेला फडक्यात धरायच्या, दारापर्यंत धावायच्या आणि अंगणात भिरकावून द्यायच्या. दार लागायचं. मी एकटा, पालथा. पाठीवर पहिली गार पडली की चर्रकन वाफ निघायची, मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या. वीज कडाडली की सगळं अंगण पांढरं व्हायचं. मी लोखंडाचा. मला हलता येत नाही, आडोशाला जाता येत नाही. मित्रांनो, आजही ते आठवलं की गार पडतो मी.

“झाली का तव्याची पाठवणी?” सर्जेराव आतून विचारायचे. त्यांना ती गंमत वाटायची. लहानगी उत्कर्षा, त्यांची एकुलती एक मुलगी, वडिलांबरोबर हसायची.

कौसल्याबाई का घाबरायच्या, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही सासूबाईंना, चुलीपाशी. लहानपणी माहेरी, डाळजला, त्यांना शेतात गारांनी गाठलं. डोक्यावर लोखंडी घमेलं धरून त्या बांधाला बसून राहिल्या. वर गारांचा आवाज, आत काळोख. घरच्यांना वाटलं, पोरगी मामाकडे असेल. “दिवस मावळंस्तवर कुणीच आलं न्हाय बघा,” त्या म्हणाल्या. त्यांना गारांचं भय नव्हतं, मित्रांनो. कुणीच येणार नाही, याचं होतं. हे मला कळलं, कारण मीही तसाच पडायचो अंगणात.

वर्षं गेली. उत्कर्षा लग्न होऊन बारामतीला, जळोचीत राहायला गेली, तिथल्या शाळेत शिकवू लागली. तिला स्वरूपा झाली. घरात गॅस आला. पण भाकरीसाठी कौसल्याबाई चूलच पेटवत आणि मलाच काढत. आभाळ भरलं की त्या उत्कर्षाला फोन करायच्या, “जीव घाबरतोय गं.” उत्कर्षा मोबाइलवर हवामान बघून सांगायची, “आई, पाच वाजता उघडणार आहे.” तेवढ्यानं त्यांना जरा धीर यायचा. घरात तसा रिवाजच पडून गेला. आईचा जीव घाबरला की आभाळ बघायचं.

गेल्या पौषातली ती सकाळ. मी चुलीवर होतो. कौसल्याबाईंनी भाकरी थापली, माझ्यावर टाकली आणि हात तसाच धरून थांबल्या.

“अवं, जीव घाबरतोय.”

उंबऱ्यावर चहा पीत बसलेल्या सर्जेरावांनी मान बाहेर काढून वर पाहिलं. “आभाळ बघ की जरा! ढगाचं नाव न्हाय. आता उन्हालाबी भ्यायला लागलीस व्हय?” हसत हसत ते उसाला पाणी द्यायला गेले.

कौसल्याबाईंनी फोन लावला. पलीकडून उत्कर्षाचा आवाज मला ऐकू आला. “आई, इकडंही लख्ख ऊन आहे. आठवडाभर पाऊस नाही. उगाच कशाला घाबरतेस? शाळेत निघालेय, संध्याकाळी करते फोन.”

माझ्यावरची भाकरी करपत होती. निरभ्र दिवशी भाकरी कधीच करपली नव्हती. मला कळलं, हे आभाळाचं नाही. पण तव्याचं कोण ऐकणार? मी धूर सोडत राहिलो. सर्जेराव परत आले तेव्हा चूल विझली होती. कौसल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि माझ्यावर काळा कोळसा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं होतं.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. कणगीमागं उभा करून ठेवलेल्या मला गंज चढला.

फाल्गुनात उत्कर्षा स्वरूपाला घेऊन दोन दिवस आली. तिनं मला शोधून काढलं. विटेच्या चुऱ्यानं कितीतरी वेळ घासलं. पाणी माझ्यावर पडत होतं, ते सगळं हंड्यातलंच नव्हतं. तिनं मला तेल लावलं आणि चूल पेटवली. एवढ्यात वारा पडला.

मला तो वारा ओळखीचा होता. उजेड पिवळा झाला, कोंबड्या खुराड्याकडे पळाल्या आणि पत्र्यावर पहिली गार आपटली. मग एकच तडतडाट. आता मला उचलणार, भिरकावणार, दार लावणार! भीतीनं मी चुलीवर असूनही तापेना.

“आबा,” कोपऱ्यातून स्वरूपा म्हणाली, “माझा जीव घाबरतोय.”

तेच शब्द. उत्कर्षाचा हात पिठात थांबला. सर्जेराव सवयीनं उठले, दारापाशी गेले, मान बाहेर काढायला वाकले आणि तसेच उभे राहिले. वीज चमकली तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. एवढा घाबरलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी वर पाहिलं नाही. ते मागं फिरले, गुडघे दुखत असतानाही नातीपुढं खाली बसले आणि तिच्या छातीवर तळहात ठेवला.

“कुठं वाटतंय, बाय? हितं? सांग मला. मी कुठं जात न्हाय.”

“आबा, तुम्ही पण घाबरलात?”

“व्हय. मलाबी भ्या वाटतंय. बसू दोघं.”

“आणि तवा?” स्वरूपानं विचारलं. “आजी टाकायची ना बाहेर?”

“आज तो आतच राहू दे,” उत्कर्षा म्हणाली, आणि भाकरी माझ्यावर टाकली. तिच्या कडा चिरल्या होत्या. तरी ती थोडी फुगली. बाहेर गारा पडतच होत्या. त्या थांबल्या कधी, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

मित्रांनो, तवा वापरून झाला की पुसा, तेलाचा हात लावा, गंजू देऊ नका. हे मी सांगणारच, तवा आहे मी. पण आणखी एक सांगतो. घरात कुणी म्हणालं, जीव घाबरतोय, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.

आभाळ नंतरही बघता येतं.